पाखरांची खानेसुमारी

(नेरूळच्या खाडीकाठी दर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. ते किती आले, हे कोण मोजते? शास्त्रज्ञ तर मोजतातच. पण दुकानदार, गृहिणी, निवृत्त माणसे आणि शाळेतील मुले हीसुद्धा मोजतात. अशा एका मोजणीची हकीकत लेखकाने या पाठात सांगितली आहे.)

मुलांनो, खानेसुमारी हा शब्द तुम्हांला ओळखीचा वाटेल. ‘खाना’ म्हणजे घर आणि ‘शुमार’ म्हणजे मोजणी. घरोघरी जाऊन माणसे मोजायची, ती खानेसुमारी. हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि इथलाच झाला. उर्दूत आपण मर्दुमशुमारी म्हणतो.

माणसांची मोजणी त्या मानाने सोपी. माणसाला घर असते. घराला क्रमांक असतो. मोजणारा आला की माणूस दार उघडतो आणि नाव सांगतो. पाखरांचे तसे नाही. ती एका जागी थांबत नाहीत, नाव सांगत नाहीत आणि आपण जवळ गेलो की उडून जातात. तरीही त्यांची खानेसुमारी होते. 1987 सालापासून दर जानेवारी महिन्यात आशियातील अनेक देशांत पाणपक्षी मोजले जातात. भारतातील या कामात मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी पुढाकार घेते. मोजणारे बहुतेक लोक पगारी नसतात. सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून, स्वतःच्या खर्चाने ते एखाद्या तळ्यावर किंवा खाडीवर जातात, पक्षी मोजतात आणि आकडे पाठवून देतात. या प्रकाराला हल्ली ‘नागरिक विज्ञान’ म्हणतात.

नाव नवे आहे, काम जुने आहे. अमेरिकेत पूर्वी नाताळच्या दिवशी बंदुका घेऊन रानात जाण्याची पद्धत होती. जो गट जास्त पशुपक्षी मारील तो जिंकला! 1900 साली फ्रँक चॅपमन नावाच्या पक्षितज्ज्ञाने सुचवले, की या वर्षी पक्षी मारू नका, मोजा. त्या नाताळात फक्त 27 माणसे मोजायला निघाली. ती मोजणी आजपर्यंत चालू आहे आणि आता तीत हजारो लोक भाग घेतात.

आमच्या नववीच्या वर्गात मी हे सांगितले, तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “सर, पण आम्ही काय शास्त्रज्ञ आहोत? आमचे आकडे कोण वाचणार?”

त्याला उत्तर म्हणून मी त्या दिवशी व्याकरण बाजूला ठेवले आणि एका मुलाची गोष्ट सांगितली. हा मुलगा 1896 साली मुंबईत जन्मला. आईवडील लहानपणीच गेले, म्हणून तो मामांच्या घरी वाढला. मामांचे नाव अमीरुद्दीन तय्यबजी. मुलाला छर्‍याची बंदूक मिळाली होती आणि तो चिमण्या टिपत असे. एके दिवशी पडलेली चिमणी उचलून पाहतो तर तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका! ही नेहमीची चिमणी नव्हे, असे त्याला वाटले. त्याने मामांना विचारले. मामांनाही सांगता येईना. परंतु त्यांनी मुलाला हाकलून दिले नाही. त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलर्ड नावाच्या इंग्रज चिटणिसांना चिठ्ठी लिहून दिली. मुलगा भीत भीत तेथे गेला. मिलर्डसाहेबांनी पक्षी ओळखला आणि कपाटाचे कप्पे उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी त्याला दाखवले.

तो मुलगा म्हणजे डॉ. सलीम अली. पुढे सारे जग त्यांना पक्षितज्ज्ञ म्हणून ओळखू लागले. 1976 साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. पण तरुणपणी विद्यापीठाची पदवी नाही म्हणून त्यांना हवी ती नोकरी मिळाली नव्हती. बेकारीच्या त्या दिवसांत ते अलिबागजवळच्या किहीम गावी जाऊन राहिले. घराजवळच सुगरण पक्ष्यांची घरटी होती. रोज शिडीवर बसून त्यांनी ती घरटी पाहिली आणि दिसेल ते लिहून ठेवले. घरटे नर विणतो, अर्धे झाले की मादी येऊन ते पाहते, पसंत पडले तर आत राहते आणि मग नर दुसरे घरटे विणायला घेतो, हे त्यांनी तेथे नोंदवले. (गंमत पाहा. विणकाम सारे नराचे आणि मराठीत पक्ष्याचे नाव मात्र सुगरण! उर्दूत बया म्हणतात ते यापेक्षा बरे.) 1930 सालची ही गोष्ट. त्यांच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती. शिडी होती, वही होती आणि सवड होती.

आणि ज्या सोसायटीत ते गेले, तीही काही सरकारी कचेरी नव्हती. 1883 साली निसर्गाची आवड असलेल्या आठ जणांनी मिळून ती स्थापन केली. त्यांतील सहा इंग्रज होते आणि दोघे मराठी डॉक्टर होते, आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन.

गोष्ट संपली तेव्हा मागच्या बाकावरचा मुलगा एवढेच म्हणाला, “मग रविवारी जाऊ या.”

पण रविवारी लगेच जाता येत नाही. आधी मोजायला शिकावे लागते. तुम्ही म्हणाल, मोजणे तर पहिलीतच शिकलो. मीही तसेच समजत होतो. दुसर्‍या दिवशी मी मूठभर मसूर आणली, टेबलावर कागद पसरला आणि त्यावर ती टाकली. “पाच सेकंदांत सांगा, किती दाणे?” कोणी दीडशे म्हणाले, कोणी दोनशे. एका मुलीने धीर करून तीनशे सांगितले. मग एकेक दाणा मोजला. चारशेच्या वर भरले! बहुतेक सगळ्यांनी कमीच सांगितले होते. दाटीने असलेल्या वस्तू डोळ्यांना नेहमी कमी वाटतात.

मग आम्ही युक्ती शिकलो. आधी फक्त दहा दाणे मोजायचे आणि त्या दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत साठवायचे. तेवढ्याच जागेचे तुकडे मनातल्या मनात पुढे टाकीत जायचे : दहा, वीस, तीस. थवा मोठा असेल तर पन्नासाचा किंवा शंभराचा तुकडा घ्यायचा. आठवडाभर मुले मधल्या सुट्टीत मसूर, चणे, गोट्या, जे सापडेल ते मोजत होती. एकीने घरी तांदूळ मोजायला घेतले, तेव्हा तिच्या अम्मीने मला निरोप पाठवला, की सर, आता पुरे.

दुसरी गोष्ट वेळेची. रोहित पक्षी पाहायला केव्हा जायचे? सकाळी, असे कोणीही सांगेल. पण रोहित पक्षी घड्याळ पाहत नाही, तो खाडी पाहतो. ओहोटी लागली की ठाण्याच्या खाडीतील चिखल उघडा पडतो. त्या चिखलात रोहितांचे अन्न असते, म्हणून ओहोटीच्या वेळी ते खाडीत चरायला जातात. भरती आली की चिखल पाण्याखाली जातो आणि त्यांना उभे राहायलाही जागा उरत नाही. मग ते नेरूळ-सीवूड्सच्या बाजूला असलेल्या उथळ पाणथळ जागांवर येऊन विसावा घेतात. करावे गावाजवळ टी. एस. चाणक्य या नौकानयनाच्या संस्थेमागे अशी एक जागा आहे. दुसरी एक सुमारे तीस एकरांची आहे. शेजारच्या शाळेच्या नावावरून लोक तिला डीपीएस तलाव म्हणतात. म्हणजे आमच्या बाजूला पक्षी मोजायचे असतील, तर भरतीची वेळ साधली पाहिजे.

भरती आणि ओहोटी यांना उर्दूत आपण मद्द-ओ-जज़्र म्हणतो. त्यांची वेळ रोज बदलते. ती छापील तक्त्यात मिळते आणि हल्ली मोबाइलवरही मिळते. पण कोकणातील जुनी माणसे ती तोंडी सांगतात. मी खाडीकाठी एका वृद्ध मच्छीमार काकांना विचारले. ते म्हणाले, “मास्तर, आज तिथी कंची? तिची पाऊणपट करा. झाला हिशेब.”

हा हिशेब सोपा आहे. अमावास्येनंतरचा पहिला दिवस म्हणजे प्रतिपदा, दुसरा द्वितीया, असे पौर्णिमेपर्यंत पंधरा दिवस. त्यानंतर पुन्हा एकपासून पंधरापर्यंत. त्या दिवसाच्या अंकाला तीनने गुणावे आणि चारने भागावे. जो आकडा येईल, त्या सुमारास मुंबईच्या किनार्‍यावर पूर्ण भरती असते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. सकाळी सहाच्या सुमारास भरती आणि पुन्हा संध्याकाळी सहाच्या पुढे.

मुलांना तिथी ठाऊक नव्हत्या. पण चांदची तारीख प्रत्येकाच्या घरी ठाऊक असते. मग आम्ही दोन्हींची सांगड घातली. चाँद दिसतो तो अमावास्येनंतर एकदोन दिवसांनी. म्हणून चांदच्या तारखेत एक मिळवला, की साधारणपणे तिथी मिळते. त्या महिन्यात आमचा रविवार चांदच्या पंचविसाव्या तारखेला येत होता. पंचवीस अधिक एक, सव्वीस. त्यांतून पंधरा वजा केले, उरले अकरा. म्हणजे एकादशी. अकराची पाऊणपट सव्वाआठ. तक्ता उघडून पाहिला तर वेळ थोडीच पुढेमागे होती. खाडीत आतवर पाणी चढायला आणखी थोडा वेळ लागतो. ज्या मुलाला गणितात नेहमी काठावरचे गुण पडतात, त्यानेच हा हिशेब सर्वांत आधी केला होता. त्या रात्री त्याने आपल्या दादांना पुढच्या चार रविवारांच्या भरतीच्या वेळा सांगितल्या म्हणे.

रविवारी सातला आम्ही बांधावर पोहोचलो. थंडी होती. आम्ही भडक रंगाचे कपडे घातले नव्हते आणि मोठ्याने बोलायचे नाही असे ठरवले होते. हे दुसरे फार अवघड गेले. वर्गात दोन दुर्बिणी होत्या. त्या पाळीपाळीने वापरायच्या होत्या.

सुरुवातीला तळ्यात गुलाबी रंगाचे काहीच नव्हते. उंच लाल पायांचे शेकाटे होते, बगळे होते, कांदळवनाच्या फांदीवर पंख पसरून बसलेला पाणकावळा होता. चिखलाच्या कडेने छोटे तुतवार धावत होते. मुले निराश झाली. मी म्हटले, “हेही पाणपक्षीच आहेत. लिहा.” मग त्यांनी शेकाटे मोजले. तेवीस भरले. पुन्हा मोजले तर चोवीस. एक शेकाट्या बांधामागे होता.

आणि मग खाडीच्या बाजूने ते आले. आधी दहाबारा, मग ओळीने, मान पुढे आणि पाय मागे ताणून. उडताना पंखांखालचा लाल आणि काळा रंग दिसतो. उभा असताना फिकट दिसणारा पक्षी उडाला की पेटल्यासारखा वाटतो. मराठीत त्याला अग्निपंख असेही म्हणतात ते यामुळेच. मोठ्याने बोलायचे नाही हा नियम त्या क्षणी मोडला, आणि मोडणार्‍यांत मीही होतो.

रोहित दोन प्रकारचे असतात. मोठा रोहित उंच आणि अंगाने पांढरट असतो. त्याची चोच गुलाबी असून टोकाला काळी असते. लहान रोहित बुटका, अधिक गुलाबी आणि त्याची चोच गडद तांबडी, दुरून काळीच भासणारी असते. दोघेही मान खाली घालून, चोच उलटी करून पाणी गाळतात. लहान रोहित मुख्यतः पाण्यातील सूक्ष्म शैवाल खातो, तर मोठा रोहित चिखलातील बारीक जीवही टिपतो. त्यांचा रंग या अन्नातूनच येतो. पिल्लू जन्मते तेव्हा राखी असते आणि गुलाबी व्हायला त्याला काही वर्षे लागतात. अंडी घालण्यासाठी ते कच्छच्या रणात जातात. तेथे चिखलाची हजारो घरटी एका ठिकाणी असतात, म्हणून त्या जागेला फ्लेमिंगो सिटी म्हणतात. साधारण नोव्हेंबरपासून मेअखेरपर्यंत ते आपल्याकडे असतात. 1990 नंतरच्या दशकात ते मुंबईच्या खाडीत मोठ्या संख्येने दिसू लागले. अलीकडच्या काही वर्षांत मुंबई आणि नवी मुंबई मिळून एक लाखाहून अधिक रोहित मोजले गेले आहेत. 2015 साली ठाणे खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि 2022 साली त्याला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जाही मिळाला. त्याच वर्षी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी सहा रोहितांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारी छोटी यंत्रे बसवली. त्यांतील एका पक्ष्याचे नाव ‘नवी मुंबई’ ठेवले होते आणि एकाचे पक्षितज्ज्ञ हुमायूँ अब्दुलअली यांच्यावरून ‘हुमायूँ’.

तर आम्ही मोजायला लागलो. वर्गाचे दोन गट केले होते. अर्ध्या तासाने दोन्ही गटांचे कागद मी शेजारी शेजारी ठेवले आणि पाहतच राहिलो. एका गटाचा आकडा दुसर्‍याच्या जवळजवळ दुप्पट होता.

भांडण सुरू झाले. “तुम्ही नीट मोजले नाही.” “तुम्हीच घाई केली.” थोडी चौकशी केल्यावर उलगडा झाला. एका गटाने पक्षी उतरत असतानाच मोजायला सुरुवात केली होती. डावीकडचे मोजून झाल्यावर त्यांतीलच काही उठून उजवीकडे बसले आणि दुसर्‍यांदा मोजले गेले. मग आम्ही कांदळवनातील एक वाळका खुंट ही हद्द ठरवली. घड्याळ लावून एकाच वेळी सुरुवात केली आणि मधे उडालेल्यांचा आकडा वेगळा लिहिला. आता दोन्ही आकडे जवळ आले. अगदी सारखे आले नाहीत, पण जवळ आले.

तेव्हा पहिल्या गटातील एका मुलीने मला बाजूला बोलावले. ती वर्गात फारशी बोलत नाही. ती म्हणाली, “सर, आमचा आधीचाच आकडा राहू द्या ना.”

“का?”

“कमी आकडा गेला तर लोक म्हणतील, इथे पक्षीच नाहीत. मग हे तळे बुजवतील आणि इमारती बांधतील. जास्त लिहिले तर पक्ष्यांचे भलेच होईल ना? कोणाचे नुकसान होणार आहे?”

खरे सांगतो, मला लगेच उत्तर सुचले नाही. तिचा हेतू वाईट नव्हता. नेरूळमध्ये राहणार्‍याला ही भीती का वाटते, हे सांगायला नको. 1993 साली रेल्वे नेरूळपर्यंत आली, तेव्हा तिच्या वडिलांनी येथे जी मोकळी जागा पाहिली असेल, ती आज तिच्या खिडकीतून दिसत नाही.

मी म्हटले, “समजा, आज आपण दुप्पट लिहिले. पुढच्या जानेवारीत दुसरे कोणी आले आणि त्यांनी खरे मोजले. मग कागदावर काय दिसेल?”

तिने विचार केला. “निम्मे पक्षी कमी झाले असे दिसेल.”

“म्हणजे जे मेले नाहीत, त्यांना आपण कागदावर मारले. आणि पुढे कधी खरोखरच निम्मे झाले, तर?”

“तर कोणाचा विश्वास बसणार नाही.”

तिचे पूर्ण समाधान झाले असे मला वाटले नाही. अजूनही वाटत नाही. पण तिने जुना आकडा खोडला आणि नवा लिहिला. नंतर कागदाच्या शेवटच्या रकान्यात, जेथे ‘शेरा’ असे छापलेले असते आणि जो रकाना सगळे कोरा सोडतात, तेथे तिने लिहिले : ‘तळ्याच्या उत्तरेच्या भागात पाणी कमी. चिखल सुकून भेगा पडल्या आहेत. भरतीचे पाणी येथवर आले नाही.’

हा शेरा आकड्याइतकाच मोलाचा होता. याच तळ्याच्या बाबतीत पूर्वी काय घडले ते मी मुलांना तेथेच सांगितले. भरतीचे पाणी आत येण्याचे मार्ग बुजले, की अशी जागा सुकू लागते. 2024 सालच्या उन्हाळ्यात डीपीएस तलाव असाच कोरडा पडत चालला होता. त्या काळात नेरूळ परिसरात काही रोहित जखमी व मेलेले सापडले. त्याच वर्षी 20 मेच्या रात्री घाटकोपरजवळ विमानाच्या धडकेने सुमारे 39 रोहित मरण पावले. विसाव्याच्या जागा बिघडल्यामुळे पक्षी भलत्या वाटेने उडत असावेत का, अशी शंका तेव्हा काही जाणकारांनी बोलून दाखवली. शंका आणि पुरावा यांत फरक आहे, हे लक्षात ठेवा. पण तळे सुकते आहे, ही शंका नव्हती. ते रोज तेथे फिरायला जाणार्‍या साध्या नागरिकांनी पाहिले होते, तारीखवार छायाचित्रे काढली होती आणि अधिकार्‍यांना पुन्हा पुन्हा पत्रे लिहिली होती. पुढे सरकारने या प्रश्नासाठी समिती नेमली. 2025 साली राज्य वन्यजीव मंडळाने या तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास मंजुरी दिली. ‘पूर्वी येथे पाणी होते’ असे नुसते म्हणून भागले नसते. केव्हा होते, किती होते, पक्षी कोठे उभे होते, हे कोणी तरी लिहून ठेवायला हवे होते. ते काहींनी ठेवले होते.

उलट, लोकांना जे ठाम वाटते ते नोंदींतून वेगळेच निघते, असेही होते. चिमण्या संपत चालल्या, असे आपण सगळेच म्हणतो. भारतातील पंधरा हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांनी पाठवलेल्या एक कोटीहून जास्त नोंदी एकत्र करून 2020 साली देशातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल तयार झाला. त्यात दिसले, की सबंध देशाचा विचार करता चिमण्यांची संख्या साधारण टिकून आहे. मोठ्या शहरांत मात्र ती घटली आहे. आपण शहरात राहतो, म्हणून आपल्याला सगळीकडच्याच चिमण्या गेल्या असे वाटत होते. 2023 सालच्या पुढच्या अहवालासाठी तर सुमारे तीस हजार लोकांनी नोंदी दिल्या. त्यांत शाळकरी मुलेही होती. आपले आकडे कोण वाचणार, असे विचारणार्‍या मुलाला मी हे सांगितले तेव्हा तो दुर्बिणीतून पाहत होता. त्याने ऐकले की नाही कोण जाणे.

दहा वाजून गेले. ओहोटी लागली होती. रोहितांची चुळबूळ सुरू झाली. आधी कडेचे काही उठले, मग एक ओळ, मग सारा थवा खाडीकडे निघाला. ते मच्छीमार काका बांधावरून परत चालले होते. त्यांनी आमच्या कागदांकडे पाहून विचारले, “किती झाले?” मुलीने आकडा सांगितला. काका म्हणाले, “आमच्या लहानपणी एकबी नव्हता इथं. पण मासली लय होती.” तिने पुन्हा कागद काढला आणि विचारले, “काका, कोणती मासळी? कोणत्या साली?” काका तेथेच बांधावर बसले आणि सांगू लागले. बस सुटायला वीस मिनिटे होती. कागदाची मागची बाजू भरली, तेव्हा तिने माझी वही मागून घेतली.

शब्दार्थ

हकीकत – घडलेली गोष्ट. चिटणीस – संस्थेचा कारभार पाहणारा. पेंढा – वाळलेले गवत. सवड – मोकळा वेळ. पाऊणपट – चार भागांपैकी तीन भाग. पाणथळ – जेथे उथळ पाणी साचून राहते अशी जागा. कांदळवन – खाडीकाठच्या खार्‍या चिखलात वाढणारी झाडी. बांध – पाणी अडवण्यासाठी घातलेला मातीचा उंचवटा. शैवाल – पाण्यातील बारीक हिरवी वनस्पती. शेरा – नोंदीखाली लिहिलेले मत. चुळबूळ – अस्वस्थ हालचाल.

स्वाध्याय

प्र. 1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) आशियातील पाणपक्ष्यांची मोजणी कोणत्या सालापासून होते?
(आ) सलीम अलींनी सुगरण पक्ष्यांचा अभ्यास कोणत्या गावी केला?
(इ) भरतीच्या वेळी रोहित पक्षी खाडी सोडून का येतात?

प्र. 2. चारपाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) दोन गटांच्या आकड्यांत फरक का पडला? तो कसा कमी केला?
(आ) मुलीला जुना आकडा का ठेवायचा होता? तुम्ही तिच्या जागी असता तर सरांना आणखी काय विचारले असते?

प्र. 3. आज चांदची बारा तारीख आहे, असे समजा. पाठातील रीतीने सकाळच्या भरतीची अंदाजे वेळ काढा.

प्र. 4. उर्दूत नपुंसकलिंग नाही, मराठीत आहे. पुढील शब्दांचे लिंग ओळखून प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा : पाखरू, भरती, चिखल, तळे, चोच, अंदाज, घरटे, हकीकत.

उपक्रम : सलग पंधरा दिवस, रोज एकाच वेळी, आपल्या खिडकीतून दहा मिनिटांत दिसणार्‍या चिमण्या मोजा. तारीख आणि वेळ लिहा. एकही दिसली नाही तर शून्य लिहा. रकाना कोरा सोडू नका.